रिकामी जागा कोरी नसते : दोन पेडगावे, एक जून आणि संगणकाची न लिहिलेली स्मृती

१/२१
‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण प्रत्येक मराठी वाचकाच्या कानावरून गेलेली असते. सारे कळत असूनही काहीच न कळल्याचे सोंग आणणे, हा तिचा अर्थ. तिची कथा भीमेकाठच्या पेडगावाशी, म्हणजे श्रीगोंदे तालुक्यातील बहादूरगडाशी जोडली जाते. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना औरंगजेबाच्या छावणीत आणले गेले, तेही याच पेडगावात. पण महाराष्ट्रात आणखी एक पेडगाव आहे : परभणी तालुक्यातले, गोदावरीच्या खोऱ्यातले. या धाग्याचा आरंभ त्या दुसऱ्या पेडगावापासून होतो, आणि विषय मात्र संगणकाच्या स्मृतीचा आहे.

२/२१
परभणीच्या पेडगावाचा भूतकाळ निराळा. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. तरीही ‘पेडगाव’ हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात बहादूरगड उभा राहतो, भीमा वाहू लागते, मोगली छावणीचे तंबू दिसू लागतात. नाव या गावाचे, मजकूर त्या गावाचा. जिथे स्वतंत्र नोंद मनात झालेली नाही, तिथे मन कोरे राहत नाही. आधी तिथे जे पडलेले होते तेच वाचून मोकळे होते. संगणकशास्त्रात या दोषाला स्वतंत्र नाव आहे.

३/२१
ते नाव म्हणजे ‘अनइनिशियलाइज्ड मेमरी’, मराठीत म्हणायचे तर अनारंभित स्मृती. प्रोग्रामने एक जागा मागून घेतली, तिला नाव दिले, पण तिच्यात पहिले मूल्य लिहिण्यापूर्वीच ती वाचली. तिथे काय सापडेल? सामान्य वाचकाचे उत्तर असते : काहीच नाही. थोडे शिकलेल्याचे उत्तर असते : शून्य. त्याहून जाणत्याचे उत्तर असते : आधीचा कचरा. ही तिन्ही उत्तरे अपुरी आहेत. खरे उत्तर काय, आणि ते पचवायला प्रोग्रामिंगच्या जगाला सुमारे अर्धशतक का लागले, हा इतिहास आहे. त्यातून निघणारे मत असे की सावधपणाच्या भरवशावर कोणतीही स्मृती सुरक्षित राहत नाही. ‘अजून लिहिलेले नाही’ हीच गोष्ट नोंदवावी लागते.

४/२१
आधी जागा येते कुठून, ते पाहू. प्रोग्राममधले एखादे फंक्शन सुरू झाले की त्याच्या तात्पुरत्या चलांसाठी ‘स्टॅक’ नावाच्या पट्ट्यातून जागा मिळते. फंक्शन संपले की जागा परत जाते, पण पुसली जात नाही. पुढच्या फंक्शनला तीच मिळते. शाळेत पहिल्या तासाला फळ्यावर गणित मांडले, तास संपला, फळा न पुसताच दुसरे मास्तर वर्गात आले, तसेच हे. ऑपरेटिंग सिस्टिम एका प्रोग्रामची जागा दुसऱ्याला देताना ती साफ करते. त्यामुळे शेजारच्या वर्गाचा फळा सहसा दिसत नाही. पण त्याच प्रोग्रामच्या आतली फेरवाटणी न पुसताच होते.

५/२१
स्मृतीचा हा स्वभाव जुना आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती चुंबकीय गाभ्यांची होती : ४० बिटांचे २०४८ शब्द. फेराइटच्या इवल्या कड्यांचे चुंबकत्व वीज गेली तरी टिकून राही. म्हणजे नवे गणित सुरू करताना कड्यांमध्ये मागच्या गणिताचे अवशेष असणे हा अपघात नव्हता, तो त्या यंत्राचा धर्मच होता. त्या काळी स्मृती इतकी तुटपुंजी आणि यंत्राचा वेळ इतका मोलाचा की जिथे लगेच नवे मूल्य लिहायचेच आहे, तिथे आधी शून्ये भरणे ही उधळपट्टी वाटे. ही काटकसर पुढे भाषांच्या नियमांत उतरली.

६/२१
१९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवलेली ‘सी’ ही भाषा या काटकसरीची वारस. सी भाषेत प्रोग्रामभर टिकणाऱ्या चलांना आरंभी शून्य मिळते. पण फंक्शनच्या आतल्या साध्या चलांना काहीच मिळत नाही. ‘हीप’ नावाच्या साठ्यातून जागा मागणाऱ्या दोन वाटाही तशाच : ‘मॅलॉक’ जागा जशी असेल तशी देते, ‘कॅलॉक’ ती शून्ये भरून देते. निवड प्रोग्रामरची. मनुष्य जाणता आहे, तो लिहिल्याशिवाय वाचणार नाही, हा विश्वास या रचनेच्या मुळाशी होता. हा विश्वास उदार होता, पण पुढे महाग पडला.

७/२१
इथे इतिहासाच्या अभ्यासकाला नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीची आठवण व्हावी. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. सारी क्षत्रप नहपानाची. मात्र त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली. सातवाहनांनी नाणी वितळवली नाहीत, जुन्याच धातूवर नवा ठसा मारला. त्यामुळे कित्येक नाण्यांवर नव्या ठशाच्या कडेने नहपानाचा चेहरा आणि त्याची अक्षरे आजही डोकावतात. जागा नव्या सत्तेची झाली, पण ठसा जिथवर पोचला नाही तिथे जुनी सत्ता शिल्लक राहिली. संगणकात हेच घडते आणि तिथे ते धोक्याचे ठरते.

८/२१
समजा, एका नोंदीत प्रथम एका बाइटचा एक रकाना आहे आणि त्यानंतर चार बाइटांची एक संख्या. यंत्राला ती संख्या चारच्या पटीतल्या पत्त्यावर हवी असते, म्हणून मध्ये तीन बाइट मोकळे सोडले जातात. प्रोग्रामरने दोन्ही रकाने इमानाने भरले, तरी मधले तीन बाइट कुणीच भरत नाही. आता लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने ही संपूर्ण नोंद उचलून वापरकर्त्याच्या प्रोग्रामला दिली, तर त्या तीन बाइटांतून गाभ्याची जुनी गुपिते बाहेर जातात. अशा गळत्या लिनक्समध्ये वारंवार सापडल्या आणि बुजवल्या गेल्या आहेत. नाण्याच्या कडेचा चेहरा संशोधकाला पुरावा देतो. स्मृतीच्या कडेचा चेहरा चोराला किल्ली देतो.

९/२१
पण ‘आधीचा कचरा’ हे उत्तरही पुरेसे नाही, असे वर म्हटले आहे. त्याचे कारण कंपायलर. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवताना कंपायलर त्याची वेगासाठी फेररचना करतो. त्यासाठी तो एक गृहीत धरतो : भाषेने निषिद्ध केलेली गोष्ट प्रोग्रामर करणारच नाही. अनारंभित चल वाचणे हे सी आणि सी प्लस प्लस भाषांत बहुतांशी अशा निषिद्ध गोष्टींपैकी होते. तेव्हा असे वाचन समोर आले तरी कंपायलर ‘हे घडतच नाही’ असे धरून पुढे जातो. त्या वाटेवरची तपासणी उडवतो, अट बदलतो, कधी संपूर्ण शाखाच छाटतो. वेड पांघरून पेडगावला जाणे याहून चपखल वर्णन सापडणे कठीण.

१०/२१
परिणाम विलक्षण होतात. अनेक आधुनिक कंपायलर ज्या एलएलव्हीएम या पायावर उभे आहेत, त्याच्या अंतर्गत भाषेत अशा जागेला ‘अनिश्चित’ असे वेगळे मूल्य आहे. त्या मूल्याचा नियम असा की प्रत्येक वापराच्या वेळी ते निराळे निघू शकते. म्हणजे एकच चल स्वतःशीच ताडून पाहिले तरी ‘समान नाही’ असे उत्तर येऊ शकते. फळ्यावरच्या जुन्या मजकुराची उपमा इथे थिटी पडते. जुना मजकूर चुकीचा असला तरी तो एकच असतो. इथे फळ्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला वेगळे दिसते. म्हणून अनारंभित स्मृतीत चुकीचे मूल्य असते असे म्हणण्यापेक्षा, भाषेच्या दृष्टीने तिच्यात मूल्यच नसते, असे म्हणणे अधिक अचूक.

११/२१
या गैरसमजाची सर्वांत बोधप्रद कथा डेबियन या लिनक्स प्रणालीत घडली. ओपनएसएसएल या गुप्तलेखन-संचात यादृच्छिक संख्या तयार करणाऱ्या भागात एक ओळ अनारंभित स्मृतीलाही मिश्रणात घेत असे. दोष शोधणाऱ्या साधनाने त्यावर इशारा दिला. २००६ मध्ये डेबियनमध्ये तो इशारा बंद करण्यासाठी ओळी काढल्या गेल्या. पण त्यांतली एक ओळ खऱ्या यादृच्छिकतेला मिश्रणात आणणारी मुख्य वाट होती. उरले काय? केवळ चालू प्रक्रियेचा क्रमांक. त्यामुळे एका प्रकारच्या यंत्रावर, एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८ इतक्याच निघू शकत होत्या. १३ मे २००८ रोजी हे जाहीर झाले, तोवर सुमारे दोन वर्षे तकलादू किल्ल्या तयार होत राहिल्या होत्या.

१२/२१
या घटनेचा ठपका सहसा ओळ पुसणाऱ्यावर ठेवला जातो. ते अर्धेच खरे. पहिली चूक त्या रचनेची होती, जिने न लिहिलेली जागा मुद्दाम वाचली आणि तसे का केले हे ठळकपणे सांगितले नाही. दुसरी चूक इशारा म्हणजेच दोष असे मानून तो मिटवण्याची. तिसरी, आणि सर्वांत मोठी, भाषेची : ‘ही जागा मुद्दाम अलिखित आहे’ आणि ‘ही जागा लिहायची राहून गेली’ या दोन गोष्टींत फरक करायला सी भाषेपाशी शब्दच नव्हता. ज्या दप्तरात ‘कोरे ठेवले’ आणि ‘भरायचे विसरले’ यांना एकच खूण असते, ते दप्तर एक दिवस दगा देणारच.

१३/२१
यावर पहिला उपाय तपासणीचा. प्रत्येक वाटेने चालून पाहायचे : या चलाचे वाचन होण्यापूर्वी त्यात लेखन झालेच आहे का? १९९० च्या दशकात आलेल्या जावा भाषेने हा नियमच केला. स्थानिक चलात मूल्य निश्चितपणे पडल्याचे दिसत नसेल, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. यामागच्या शास्त्राला ‘डेटा फ्लो ॲनालिसिस’ म्हणतात आणि त्यात मुंबईच्या आयआयटीचा वाटा मोठा आहे. डी. एम. ढमढेरे आणि उदय खेडकर यांनी १९९४ मध्ये या विश्लेषणाचा व्यापक सिद्धांत मांडला. खेडकर, अमिताभ सन्याल व त्यांच्या सहलेखिकेचा या विषयावरचा ग्रंथ २००९ चा. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी संस्थेनेही प्रोग्राम न चालवताच त्यातील दोष शोधणाऱ्या साधनांवर दीर्घ काळ काम केले.

१४/२१
पण तपासणीला मर्यादा आहेत. हजार घरांची एक रांग घेतली आणि एका फेऱ्यात ती एकेक करून भरत गेले. चारशेव्या घराशी काही बिघडून फेरा थांबला. कोणती घरे भरली, कोणती राहिली, हे प्रोग्राम चालण्यापूर्वी सर्वसाधारणपणे ठरवता येत नाही. नेटवर्कवरून येणारा मजकूर एका मोठ्या जागेत ओतला जातो. तो किती येईल हे आधी ठाऊक नसते. दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या फंक्शनला ‘ही जागा, हिच्यात तू लिही’ असे सांगितले जाते. त्याने खरेच लिहिले का, हे कंपायलरला दिसत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, डेटाबेस लिहिणाऱ्यांचे रोजचे काम नेमके अशाच जागांशी असते.

१५/२१
दुसरा उपाय सोपा : सगळीकडे आधी शून्य भरा. २००९ मध्ये जाहीर झालेल्या ‘गो’ भाषेत प्रत्येक चलाला आपोआप शून्यमूल्य मिळते. मायक्रोसॉफ्टने २०१९ च्या सुमारास विंडोजच्या गाभ्यातील भागांत अशी भरणी सुरू केली. लिनक्सच्या गाभ्यातही तशी सोय आली. २०२२ च्या जीसीसी १२ या कंपायलरने तो पर्याय दिला. या उपायाने खरी भोके बुजली, गुपिते गळणे थांबले, आणि त्याची वेगातली किंमतही बहुतेक ठिकाणी किरकोळ निघाली. कोट्यवधी ओळींचा जुना सी मजकूर एका रात्रीत नव्याने लिहिता येत नाही. तिथे शून्य भरणे हेच शहाणपण. तरीही या उपायाला ‘सुरक्षित’ म्हणताना थांबावे लागते, आणि ते का, हे महाराष्ट्रातील शाळांची दप्तरे सांगतात.

१६/२१
महाराष्ट्रात जुन्या पिढीतील असंख्य लोकांचा जन्मदिवस १ जून आहे. कारण उघड आहे. शाळा जूनमध्ये सुरू होई; मूल दाखल होताना जन्मतारीख ठाऊक नसे, रकाना मोकळा ठेवता येत नसे, म्हणून गुरुजी अंदाजाने वर्ष आणि सोयीने १ जून लिहीत. त्या गुरुजींनी लबाडी केली नाही. मुलाला शाळेत घेण्यासाठी जे करायला हवे ते केले. पण पुढे त्याच तारखेवर नोकरी लागली आणि कित्येकांची सेवानिवृत्ती एकाच ३१ मे रोजी आली. दप्तर पूर्ण दिसते, रकाना भरलेला आहे, आणि त्यातले ‘माहीत नाही’ कायमचे पुसले गेले आहे. हे दप्तर वाचणाऱ्याला खरा १ जून आणि सोयीचा १ जून वेगळे करता येत नाहीत.

१७/२१
संगणकातले शून्य म्हणजे असाच १ जून. ते निरर्थक नसते; अनेक ठिकाणी त्याला फार मोठा अर्थ असतो. युनिक्स प्रणालीत शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे ‘रूट’, सर्वाधिकारी. क्रमांक लिहायचा राहून गेला आणि जागेत शून्य बसले, तर विसराळूपणाचे रूपांतर थेट सत्तेत होऊ शकते. त्याच प्रणालीत शून्य काळ म्हणजे १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र, भारतीय वेळेनुसार पहाटेचे साडेपाच. कित्येक संगणकीय याद्यांत दिसणारी ती विचित्र तारीख ही बहुधा न भरलेल्या रकान्याचीच खूण असते. शून्य भरल्याने गळती थांबते, पण चूक लपते. पूर्वी यंत्र वेडेवाकडे वागून ओरडत तरी होते. आता ते शांतपणे चुकीचे उत्तर देते.

१८/२१
तिसरी वाट ‘रस्ट’ भाषेची. २०१५ च्या मे महिन्यात तिची १.० आवृत्ती आली. सामान्य रस्टमध्ये न लिहिलेले चल वाचताच येत नाही; कंपायलर अडवतो. पण प्रणाली लिहिणाऱ्यांसाठी तिनेही एक चोरवाट ठेवली होती : ‘हव्या त्या प्रकारचे अनारंभित मूल्य द्या’ असे म्हणणारे एक फंक्शन. लवकरच लक्षात आले की ते मुळातच सदोष आहे. रस्टमध्ये सत्यासत्य दाखवणाऱ्या ‘बूल’ प्रकारात फक्त ० किंवा १ असू शकतो. संदर्भ कधीच रिकामा नसतो. मग ‘न लिहिलेला बूल’ ही वस्तू अस्तित्वातच येऊ शकत नाही. ती वाचण्याआधी, निर्माण होताक्षणीच नियम मोडतो. नोव्हेंबर २०१९ पासून ते फंक्शन त्याज्य ठरवले गेले.

१९/२१
त्याची जागा घेणारा प्रकार जुलै २०१९ मध्ये स्थिर झाला. त्याचे नाव ‘मेबीअनइनिट’, अर्थात ‘कदाचित अलिखित’. नावातच प्रांजळपणा आहे. ही जागा अमुक प्रकारच्या मूल्यासाठी राखलेली आहे, पण मूल्य आत असेलच असे नाही, हे आता टिपणात किंवा प्रोग्रामरच्या स्मरणात नसून प्रकारातच नोंदलेले आहे. तिच्यात लिहिणे मोकळे. वाचणे मात्र थेट शक्य नाही. आधी ‘हे लिहून झाले आहे असे धर’ असे स्पष्ट सांगावे लागते, आणि ते ‘अनसेफ’ अशी खूण केलेल्या चौकटीतच. जागा सोडताना आतले मूल्य आपोआप मोडीत काढले जात नाही, कारण ते आहे की नाही हेच ठाऊक नसते. ‘वेक’ ही वाढती यादीही याच न्यायाने चालते : क्षमता किती आणि भरलेली लांबी किती, या दोन संख्या वेगळ्या, लांबीपलीकडचे अलिखित, ते वाचायचे नाही.

२०/२१
आक्षेप येतो की शेवटी ‘धर’ म्हणणारा माणूसच ना? तो चुकला तर? चुकू शकतो. घरे अर्धी भरली असता सगळी भरल्याचे सांगितले तर रस्टमध्येही तोच अनर्थ होतो. पण फरक दोन बाबतींत पडतो. सी भाषेत हा धोका कोणत्याही ओळीत दडलेला असू शकतो. रस्टमध्ये तो खूण केलेल्या मोजक्या ठिकाणी गोळा होतो. तिथे परीक्षक बोट ठेवू शकतो, ‘मिरी’ नावाचे साधन प्रोग्राम चालवून अलिखित वाचन पकडू शकते. दुसरे असे की गृहीतावर सही असते. कुणी, कुठे, काय गृहीत धरले, हे मजकुरातच उरते. सी प्लस प्लसही आता याच दिशेने वळली आहे : सी प्लस प्लस २६ साठी मान्य झालेल्या नियमात साध्या स्थानिक चलाचे अनारंभित वाचन ही चूकच राहते, पण तिचा परिणाम बेबंद राहत नाही, आणि जागा मुद्दाम अलिखित ठेवायची असेल, तर तसे शब्दांत लिहावे लागते.

२१/२१
म्हणून मत असे : कोऱ्या रकान्याला घाबरून तिथे सोयीचे मूल्य भरणे ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. शेवटची पायरी म्हणजे ‘येथे अजून लिहिलेले नाही’ हे इतक्या ठळकपणे लिहिणे, की पुढच्याला ते नजरेआड करता येऊ नये. इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना हे परके वाटू नये. गावाची नोंद करताना माहिती नसेल तिथे शेजारच्या प्रसिद्ध गावाची कथा ओतणे सोपे असते, ‘प्राचीन काळापासून’ असे दोन शब्द टाकून रकाना भरणे त्याहून सोपे. परभणीच्या पेडगावाविषयी लिहायला बसणाऱ्याने आधी भीमाकाठचा किल्ला बाजूला काढून ठेवावा, सापडेल तेवढेच लिहावे, आणि उरलेल्या जागेवर ‘नोंद मिळालेली नाही’ असे स्वच्छ अक्षरांत लिहावे. ती ओळ वाचून पुढचा अभ्यासक निदान कुठे खणायचे ते तरी जाणेल.